कुरराच्या चोचीत काय होतं?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय नववा, सुरुवातीचे दोनच श्लोक. सोबत त्यावरचं नाथांचं निरूपण, म्हणजे एकनाथी भागवत. नाथ महाराजांनी हा ग्रंथ पैठणला सुरू केला आणि १५७३ साली वाराणसीत पूर्ण केला. मूळ संस्कृतात दोन श्लोकांत आटोपलेली गोष्ट ते मराठीत कशी उलगडून सांगतात, ते ज्यांच्याकडे ग्रंथ आहे त्यांनी जरूर वाचा. आज घाई करू नका.

आधी थोडा संदर्भ, नवीन वाचकांसाठी. यदुराजाला रानात एक अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, घर नाही, पैसा नाही, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नाही. राजा विचारतो, तुमच्याकडे काहीच नाही, मग हा आनंद येतो कुठून? अवधूत म्हणतो, मी चोवीस गुरू केले. परंपरेनं आपण या अवधूताला दत्तात्रेय मानतो. सातव्या अध्यायात आठ गुरू झाले, आठव्यात नऊ. काल आपण पिंगळेची गोष्ट वाचली. आज अठरावा गुरू, कुरर.

गोष्ट अशी. एका कुरर पक्ष्याला आमिष मिळालं. ते चोचीत धरून तो उडाला. ज्यांच्याकडे काही नव्हतं असे त्याच्याहून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याला मारू लागले. शेवटी त्यानं चोचीतलं टाकून दिलं, आणि तो सुखी झाला. आवडत्या वस्तूचा संग्रह हेच माणसाच्या दुःखाचं कारण, हे ज्याला कळलं त्याला अंत नसलेलं सुख मिळतं, असं अवधूत सांगतो.

झाली गोष्ट. कुणालाही वाटेल, यात काय अवघड आहे? सोडा आणि सुखी व्हा. सकाळच्या लोकलमध्ये वाचून, लाइक करून पुढे जाता येईल. पण मला या गोष्टीनं गेले काही महिने सोडलेलं नाही. का, ते आज लिहितो.

कुरर म्हणजे कोण?

कुरर म्हणजे नेमका कोणता पक्षी, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. कुणी म्हणतं, मासे पकडणारी घार. कुणी म्हणतं, पाण्यावर ओरडत फिरणारा सुरय. एक गोष्ट मात्र दोघांनाही धरून आहे, हा मासेमार पक्षी आहे. म्हणून मी मनात ते आमिष म्हणजे मासा असंच धरतो.

आता तुम्ही म्हणाल, हे पक्षी आम्ही कुठे बघणार? मुंबईकरांनो, तुम्ही तर दर हिवाळ्यात बघता. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटीच्या मागे जो पांढरा थवा येतो, ते कुरव. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेटच्या उंचावरच्या तलावांवर वीण करतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतात. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा तुमच्या डोक्यावर वाऱ्यात तरंगत असतो आणि आपण त्याच्याकडे वेफर्स फेकत असतो.

मी मात्र हे पक्षी पहिल्यांदा नीट पाहिले ते समुद्रावर नाही. माझं गाव जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. शेगावहून पंढरपूरला गेलेली गजानन महाराजांची पालखी परत येताना लोणार, मेहकर करत आमच्या गावावरून पुढे खामगावकडे जाते, त्यामुळे भक्त मंडळींपैकी बऱ्याच जणांना हे नाव माहीत असेल. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास. खारं पाणी म्हणाल तर जवळ लोणारचं सरोवर आहे, उल्केच्या आघातानं झालेलं. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण ते खारं आणि क्षारांचं पाणी, मासेमार पक्ष्यांचं ते मुळातलं ठिकाण नाही. आमचे मासेमार बघायचे तर धरणावर जावं लागतं. मेहकर तालुक्यात कोराडी धरण आहे. तिथे नदी सुरय दिसतो, काळापांढरा खंड्या दिसतो, घारी तर असतातच.

नदी सुरय म्हणजे समुद्रावरच्या सुरयांचा गोड्या पाण्यातला भाऊ. अंग राखाडी पांढरं, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक, शेपटी खोल दुभंगलेली. पूर्वी नद्यांवर भरपूर असायचा. आता जगभरातच त्याची संख्या घटतेय, २०२० पासून तो संकटात आलेल्या जातींच्या यादीत आहे. नदीतल्या ज्या वाळूवर तो अंडी घालतो ती वाळूच आपण उचलून नेली, हे त्यामागचं एक मोठं कारण.

नुसतं बघणं

हा पक्षी मासे कसा पकडतो, ते एकदा शांतपणे बघा. पाण्यापासून काही मीटर उंचीवर तो जातो. चोच खाली, नजर पाण्यात. मध्येच थांबतो. हवेत थांबतो म्हणजे पंख जोरात चालू असतात, पण डोकं मात्र जागच्या जागी. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे मासा दिसतो त्या जागी नसतोच, थोडा खाली असतो. ही चूक पक्ष्याला हिशोबात धरावी लागते. मग पंख आवळले जातात आणि तो सुटतो. एक छोटासा आवाज, पाण्याचे चार थेंब, आणि तो पुन्हा वर. बहुतेक वेळा चोच रिकामी.

रिकामी चोच घेऊन तो रागावत नाही. अंग झटकतो, पाणी उडवतो आणि परत चक्कर मारायला लागतो. दहा मिनिटं बघत बसलं की आपला श्वास त्याच्या फेऱ्यांबरोबर चालायला लागतो. तो थांबला की आपणही थांबतो. तो सुटला की आपल्या छातीत काहीतरी सुटतं. माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं, यात भक्ती काय आहे? मी म्हटलं, जप करताना मला जे अर्धा तास प्रयत्न करून मिळत नाही, ते इथे आपोआप मिळतं. मन एका ठिकाणी राहतं, आणि त्याला स्वतःसाठी काही नको असतं.

हे 'काही नको असणं' महत्त्वाचं आहे. त्या पक्ष्याला भूक आहे, मला नाही. त्याला मासा हवाय, मला फक्त बघायचंय. मी बघितल्यानं पाण्यातलं काही कमी होत नाही. माझ्या शेजारी आणखी दहा जण येऊन बसले तरी माझ्या वाट्याचं बघणं घटत नाही. जगात असे आनंद थोडे आहेत. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहून आपण जे करतो त्याला आपण दर्शन म्हणतो, ते याच जातीचं असतं. निदान तसं असावं.

बोटीवरचं दृश्य आठवा आता. कुणीतरी गाठींचं पाकीट फोडतं, एक गाठी वर उडवतं, आणि दोन मिनिटांत थव्याची झुंबड होते. व्हिडिओ छान येतो. पण तळलेलं, खारवलेलं खाणं या पक्ष्यांसाठी नाही, ते त्यांना अपायच करतं, असं जाणकार सांगत आलेत. हिमालय ओलांडून येणारा, स्वतःच्या डोळ्यांवर आणि पंखांवर जगणारा जीव आपण काही क्षणांत भांडकुदळ करून टाकतो. नुसतं बघण्यात समाधान मानायला आपलं मन तयार नसतं. त्याला आपल्या हातानं काहीतरी घडवून आणायचं असतं. पुढच्या वेळी बोटीवर गेलात तर पाकीट बॅगेतच ठेवा. पक्षी तरीही येतील. थोडे लांबून उडतील, पण ते स्वतःचं काम करत असतील, आणि तेच बघण्यासारखं असतं.

मासा मरतो त्याचं काय?

हा प्रश्न मला कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच घेतो. एक जीव दुसऱ्याला खातोय आणि मी शाकाहारी वारकरी घरातला मुलगा त्यात आनंद मानतोय. हे कसं चालतं?

अवधूताची यादी परत काढा. कुरर गुरू आहे. पण त्याच्या आधी, आठव्या अध्यायात, मीन पण गुरू आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीला भुलून मासा मरतो, म्हणून जिभेला सांभाळा, हा त्याचा धडा. म्हणजे पकडणारा गुरू आणि पकडला जाणाराही गुरू. अवधूतानं यात कुणाची बाजू घेतलेली नाही. त्यानं दोघांकडे सारख्याच आदरानं बघितलं.

आणि मला एक दिवस लक्षात आलं की किनाऱ्यावर उभं राहून मासेमार पक्षी बघताना चोवीसपैकी सात गुरू एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. वर आकाश, ढग आले गेले तरी न माखणारं. वारा, सगळ्या वासांमधून जाऊन कशातच न अडकणारा. सूर्य, किरणांनी पाणी घेऊन वेळ आली की परत देणारा. पाणी, स्वच्छ करणारं. समुद्र, नद्या आल्या म्हणून न फुगणारा आणि उन्हाळा आला म्हणून न आटणारा. त्यात मासा. आणि मासा धरणारा कुरर. सात गुरूंचा वर्ग भरलाय आणि फी शून्य!

मासा मरतो तेव्हा मला वाईट वाटतं, वाटायलाच हवं. ते वाईट वाटणं आणि तो आनंद एकत्र राहू शकतात. या सृष्टीकडे डोळे उघडे ठेवून बघायचं तर दोन्ही सोबतच घ्यावं लागतं.

मासे तीन प्रकारचे

आता मुद्द्यावर येतो. मी जितका वेळ हे पक्षी बघितले, त्यातून मला चोचीतल्या माशाचे तीन प्रकार दिसले.

पहिला, छोटा मासा. सुरय तो पकडतो आणि उडता उडता गिळून टाकतो. कुणी त्याच्या मागे लागत नाही. मागे लागायला वेळच मिळत नाही. ही भूक आहे. भागवत भुकेला दोष देत नाही.

दुसरा, मोठा मासा. पटकन गिळता येत नाही, टाकवत पण नाही. चोचीत आडवा धरून पक्षी उडत राहतो, उन्हात तो चमकतो आणि सगळ्यांना दिसतो. मग घार येते, दुसरा सुरय येतो. समुद्रावर कुरव येतात. हवेत पाठलाग सुरू होतो, वळणं, हुलकावण्या, ओरडणं. आणि इथे एक गोष्ट बघायला मिळते. मासा चोचीतून सुटला, की पाठलाग त्या क्षणी संपतो. सगळे माशाच्या मागे जातात. ज्याला एवढं मारत होते त्याच्याकडे एकजण ढुंकून बघत नाही. त्यांचं त्याच्याशी वैर नव्हतंच कधी. तो चोचीत जे घेऊन फिरत होता, सगळं भांडण तेवढ्याचं होतं.

आपल्या आयुष्यात हा मासा ओळखायला फार लांब जायला नको. ऑफिसात 'ही आयडिया माझी होती' हे वाक्य. फॅमिली ग्रुपवर तीन वर्षांपूर्वीच्या वादात मीच कसा बरोबर होतो त्याचा स्क्रीनशॉट. फॉलोअर्सचा आकडा. पोटात जात नाही, त्यानं भूक भागत नाही, पण चोच उघडवत नाही. आणि वर आपण म्हणतो, लोक माझ्या वाईटावर का आहेत कळत नाही.

तिसरा मासा मला सगळ्यात उशिरा दिसला. विणीच्या दिवसांत सुरय मासा पकडतो आणि खात नाही. चोचीत धरून लांब नेतो. नर मादीला नेऊन देतो. पुढे पिल्लं झाली की आईबाप दोघं दिवसभर एकेक मासा वाहत असतात. या माशाच्या मागेही चोर लागतात. उलट जास्तच लागतात, कारण तो दूर न्यायचा असतो. पण हा मासा तो पक्षी सहजासहजी टाकत नाही. मार खातो, चुकवतो, पाण्यालगत खाली उडतो, आणि वाळूवर वाट बघणाऱ्या चोचीपर्यंत पोचवतो.

मग अवधूताचा धडा इथे लागू होतो की नाही? त्यानंही टाकून द्यावा का?

हक्कसोड

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी राहिला नाही, कारण तो आमच्या घरात आला.

आजोबांच्या नावावर जानेफळला वावर आहे. आजोबा गेले. बाबा, काका आणि आत्या असे तिघं वारस. आत्याचे यजमान लवकर गेले, तिची मुलगी अकोल्याला नर्सिंग शिकते. वाटणीची बोलणी सुरू झाली तेव्हा ठरल्यासारखं एक वाक्य आलं, "बहीण हक्कसोड करून देईल." आपल्याकडे हे इतकं सहज बोललं जातं की त्यात काही मागितलं जातंय हे कुणाला जाणवतही नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती २००५ सालची. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावरच्या शंकाही मिटवल्या. पण वावराच्या धुऱ्यावर कायदा उशिरा पोचतो.

आत्या लगेच हो म्हणाली नाही. मग गावातल्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनानंतर जेवणं चालू असताना, नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला पंगतीतच सांगितलं, "बाई, भागवत ऐकतेस ना? कुरराची गोष्ट आठव. सोडून दे, सुखी होशील."

पंगतीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आत्याकडे बघितलं. ती खाली मान घालून पोळी मोडत होती.

त्या रात्री मी अकरावा स्कंध काढला आणि ते दोन श्लोक परत परत वाचले. आणि मला जे दिसलं ते इतकं सरळ आहे की पंगतीत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं नवल वाटतं. त्या गोष्टीत कुररावर तुटून पडलेल्या बलवान पक्ष्यांनी त्याला त्यागाचं प्रवचन दिलेलं नाही. त्यानं सोडलं ते त्याचं त्यानं सोडलं. आणि अवधूतानं ही गोष्ट दुसऱ्याच्या चोचीतलं सोडवायला वापरली नाही. त्यानं कुररला *स्वतःचा* गुरू केला. यदुराजाला तो सांगतोय की मी हे शिकलो. तू राज्य सोड, असं तो राजालाही म्हणत नाही.

जो माणूस दुसऱ्याला 'सोड' म्हणतो आणि त्याच्या सोडण्यानं ज्याचा वाटा वाढतो, तो या गोष्टीतला अवधूत नाही. त्या गोष्टीत त्याची जागा कुठली, हे सांगायला नको.

आणि हे वाचताना मला माझी जागाही दिसली. आत्यानं सही केली तर बाबांचा वाटा वाढतो. बाबांचा वाढला म्हणजे पुढे माझा. नवी मुंबईत घराचं बुकिंग करायचं माझ्या मनात आहे, त्याचे हिशोब मी मोबाइलमध्ये मांडून ठेवलेत. म्हणजे या सगळ्या भांडणात चमकणारा मासा आत्याच्या चोचीत नव्हताच. तिच्याकडे होता तो तिसरा मासा, पिल्लासाठी नेलेला. दुसरा मासा आमच्याकडे होता, आणि तो अजून हातातही आला नव्हता.

मी सकाळी बाबांशी बोललो. म्हटलं, "बाबा, आत्याले सही कराले नका लावू. तिचं नाव सातबाऱ्यावर राहू द्या."

बाबा म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?"

मी म्हटलं, "वाटणीतलं नाही समजत. पण मले त्या वाट्यातलं काही नको."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे हो पण असतं आणि नाही पण. प्रकरण अजून तिथेच आहे. काका अजून तयार नाहीत. त्यामुळे सगळं गोड झालं असा शेवट मी लिहू शकत नाही.

आत्याला भेटलो तेव्हा ती म्हणाली, "बाबू, मले वावराचा हव्यास नाही रे. पोरीचं शिक्षण होऊ दे. मंग मी माह्या हातानं देईन काय द्यायचं ते."

माह्या हातानं. अवधूताचा पूर्ण धडा या दोन शब्दांत आहे असं मला वाटतं. त्याग आपल्या हातानं होतो. दुसऱ्याच्या हातानं होतं ते हिसकावणं, मग त्यावर कितीही हळदकुंकू वाहा.

मग नेमकं सोडायचं काय?

अवधूत म्हणतो, जे आवडतं त्याचा परिग्रह दुःख देतो. परिग्रह म्हणजे घट्ट धरून साठवणं. आई पिल्लासाठी मासा नेते तेव्हा ती साठवत नाही, ती पोचवते. तिच्या चोचीत मासा असतो, पण तो तिच्याजवळ राहण्यासाठी नसतोच. सूर्य पाणी घेतो आणि वेळ आली की देतो, तसंच ते. आमच्या भागात हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात जी महापंगत बसते, तिथे डोंगराएवढ्या पुऱ्या आणि वांग्याची भाजी तयार होते. त्या अन्नाला कुणी परिग्रह म्हणेल का? ते जमवलं जातं ते वाढण्यासाठी.

म्हणून माझ्यापुरता मी कुररचा धडा एका प्रश्नात बसवलाय. माझ्या चोचीत आत्ता जे आहे ते कुणासाठी आहे?

भुकेसाठी असेल तर खा आणि देवाचं नाव घ्या. कुणाच्या तरी भुकेल्या चोचीसाठी असेल तर मार पडला तरी पोचवा, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला लोभी म्हटलं तर मनावर घेऊ नका. पण ते गिळवत नसेल, कुणाला द्यायचंही नसेल, नुसतं दिसावं म्हणून धरलेलं असेल, तर ते टाका. टाकल्यावर काय होतं ते कुररनं दाखवलंय. पाठलाग करणारे निघून जातात. पंख तेच राहतात, डोळे तेच, आकाश तेवढंच. खाली पाण्यात उद्याचा मासा असतोच.

एक शेवटचं. सोडल्यावर कुरर सुखी झाला असं भागवत म्हणतं. त्याला दुसरं काही मिळालं, बक्षीस मिळालं, असं म्हणत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, याचं तर नुकसान झालं. पण ज्यानं कधी तो पाठलाग बघितलाय आणि त्यानंतर मोकळ्या चोचीनं संथ चकरा मारणारा तोच पक्षी बघितलाय, त्याला हे सुख समजावून सांगावं लागत नाही.

आजचा अभ्यास

एक. आज किंवा या शनिवारी-रविवारी कुठल्याही पाण्याजवळ पंधरा मिनिटं बसा. खाडी, तलाव, धरण, बोट, काहीही चालेल. फोन बंद. जो मासेमार पक्षी दिसेल त्याच्याकडे नुसतं बघा. खंड्या असेल, बगळा असेल, कुरव असेल. मनातल्या मनात नामस्मरण चालू ठेवा. खायला काही टाकू नका.

दोन. रात्री झोपताना स्वतःला तो एक प्रश्न विचारा, चोचीत काय आहे आणि कुणासाठी आहे. उत्तर कुणाला सांगायची गरज नाही.

तीन. 'सोडून दे' हे वाक्य आजचा दिवस दुसऱ्या कुणालाही म्हणू नका. बायकोला, बहिणीला, ज्युनियरला, आईला. फक्त स्वतःला म्हणून बघा, कसं वाटतं ते.

उद्याचं वाचन याच अध्यायातलं पुढचं, एकोणिसावा गुरू, बालक. मान नाही, अपमान नाही, घराची चिंता नाही, स्वतःतच रमलेलं लेकरू. कुररनंतर लगेच बालक का येतं, याचा आज रात्री थोडा विचार करून ठेवा.

दत्तप्रभू आपल्या चोचीतलं ओळखायची बुद्धी देवोत, आणि ज्यांना खूप लांब काही पोचवायचंय त्यांच्या पंखात बळ देवोत.

श्री गुरुदेव दत्त!